बोर्डावरच्या चिपची ओळख कोणी सांगायची?

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर जून १९७८ मध्ये बाजारात आला. चौदा वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याच कंपनीने पीसीआय ही जोडणीची नवी पद्धत जाहीर केली. या पद्धतीत प्रत्येक उत्पादक कंपनीला चार अंकी क्रमांक मिळणार होता आणि इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हाच क्रमांक ठेवून घेतला. आज इंटेलचा चिपसेट असलेल्या कुठल्याही संगणकात तो ठायी ठायी सापडतो: आवाजाच्या भागात, यूएसबीत, डिस्कच्या कंट्रोलरमध्ये. एएमडीचा क्रमांक १०२२, रिअलटेकचा १०ईसी, एनव्हिडियाचा १०डीई. आकडे सोळाच्या पायावरचे असल्याने त्यांत ए ते एफ ही अक्षरंही येतात.

हे क्रमांक चिप कोणी घडवली ते सांगतात. पण तीच चिप पुढे कोणाच्या मदरबोर्डवर बसली, तिच्या कुठल्या तारा स्पीकरकडे गेल्या आणि कुठल्या नुसत्याच सोडून दिल्या, हे तिला कळायला मार्ग नसतो. ते सांगायची जबाबदारी मदरबोर्डवरच्या फर्मवेअरची, म्हणजे ज्याला सगळे वर्षानुवर्षं बायोस म्हणत आले त्या छोट्या प्रोग्रॅमची. विंडोज किंवा लिनक्स जागं होण्याआधी, पहिल्या काही क्षणांत त्याला ही नोंद करून ठेवावी लागते. त्याने ती केली नाही, तर संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, पण आवाज येत नाही, किंवा नेटवर्कसमोर पिवळं उद्गारचिन्ह लागतं. ही जबाबदारी बायोसकडे आली कशी, याचा इतिहास चाळीस वर्षांचा आहे आणि तो अजून संपलेला नाही.

आयबीएमने आपला पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला. त्यात पाच स्लॉट होते आणि त्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या कार्डांना स्वतःची ओळख अशी काही नव्हती. कार्ड कुठल्या पत्त्यावर बोलणार आणि प्रोसेसरला हाक मारायला कुठली इंटरप्टची तार वापरणार, हे माणसाने जंपर आणि स्विच हलवून ठरवायचं. तारा आठच होत्या. १९८४ च्या पीसी एटीमध्ये दुसरा कंट्रोलर जोडला गेला, तरी एक तार दोघांना जोडण्यातच खर्ची पडली. पहिला सिरियल पोर्ट ३एफ८ या पत्त्यावर, तार ४. दुसरा २एफ८ वर, तार ३. प्रिंटर तार ७ वर. क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर २२० या पत्त्यावर येऊन बसे, आणि त्याला ७ द्यायची की ५, यावर संध्याकाळ जाई. मग डॉसच्या ऑटोएक्झेक फाइलमध्ये 'ए२२० आय५ डी१' अशी ओळ लिहायची, म्हणजे गेमला आवाज सापडायचा. संगणकात काय बसवलं आहे याची अधिकृत नोंद बसवणाऱ्याच्या डोक्यात असे, फार तर कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर.

महाराष्ट्रात संगणकावर देवनागरी उमटली तीसुद्धा याच स्लॉटांमधून. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड आयबीएम-सुसंगत पीसीत बसवलं की पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन पीसी जोडणाऱ्या कारागिरांची एक पिढी जंपर लावता लावताच घडली. कार्डासोबतचं माहितीपत्रक हरवलं की ते कार्ड जवळपास निकामी, हा त्या काळचा सर्वांचा अनुभव.

२ एप्रिल १९८७ ला आयबीएमने पीएस/२ मालिका आणली आणि तिच्यातल्या मायक्रो चॅनेल पद्धतीतून जंपर काढूनच टाकले. प्रत्येक कार्डाला सोळा बिटांचा क्रमांक दिला. संगणक चालू होताच फर्मवेअर एकेका स्लॉटला 'सेटअप' अवस्थेत नेई आणि १०० व १०१ या पोर्टांवरून त्याचा क्रमांक वाचून घेई. त्या क्रमांकाच्या नावाची फाइल सोबतच्या फ्लॉपीवर असे, आणि त्या कार्डाला कुठले पत्ते व कुठल्या तारा चालतील हे तिच्यात लिहिलेलं असे. मदरबोर्डवर पक्क्या बसवलेल्या भागांसाठी ९४ हा वेगळाच पोर्ट राखला होता. स्लॉटमधलं कार्ड आणि बोर्डाचाच भाग असलेलं उपकरण यांना निरनिराळ्या वाटेने विचारावं लागतं, ही समज आयबीएमच्या अभियंत्यांना तेव्हाच आली होती. तांत्रिकदृष्ट्या हे काम उत्तम होतं. पण मायक्रो चॅनेल वापरायला आयबीएमला स्वामित्वशुल्क द्यावं लागे, आणि पीसीच्या नकलांवर मोठ्या झालेल्या कंपन्या त्याला तयार नव्हत्या.

त्यांनी १३ सप्टेंबर १९८८ ला आपली वेगळी चूल मांडली. कॉम्पॅक, एचपी, एप्सन, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी, एएसटी, वाइज आणि झेनिथ डेटा सिस्टिम्स या नऊ कंपन्यांनी मिळून ईसा ही पद्धत जाहीर केली. ईसा स्वतः सर्व्हरच्या बाहेर फारशी पसरली नाही, मात्र तिचा ओळखक्रमांक आजही जिवंत आहे. तीन अक्षरं कंपनीची, चार अंक वस्तूचे. कॉम्पॅकसाठी सीपीक्यू, इंटेलसाठी आयएनटी. प्रत्येक अक्षर पाच बिटांत कोंबून सगळा क्रमांक चार बाइटांत बसवलेला. आजचा मॉनिटर संगणकाला आपली ओळख देतो तेव्हा कंपनीचं नाव अशाच तीन अक्षरांत सांगतो.

त्याच सुमारास सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी अगदी निराळी वाट धरली होती. त्यांच्या ओपन फर्मवेअरमध्ये आकड्यांऐवजी नावं होती. संगणकातल्या सगळ्या उपकरणांचं एक झाड फर्मवेअर स्वतः मांडे, प्रत्येक फांदीला नाव देई आणि ते झाड ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती सोपवी. १९९४ मध्ये ते आयईईई १२७५ हे मानक झालं. आजच्या एआरएम उपकरणांतली 'डिव्हाइस ट्री' त्याचीच वंशज आहे.

पीसीच्या दुनियेला मात्र जुन्या स्लॉटांतली जुनीच कार्डं चालू ठेवून ओळखपरेड हवी होती. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये या जुन्या, आयसा नावाच्या स्लॉटांसाठी प्लग अँड प्ले मानक काढलं. या स्लॉटांमधली सगळी कार्डं एकाच तारांच्या जुडग्यावर असतात, एकाला सोडून दुसऱ्याला विचारायची सोयच नसते. त्यावर काढलेली युक्ती सुंदर आहे. प्रत्येक कार्डात ७२ बिटांची ओळख कोरलेली: ३२ बिट कंपनी आणि वस्तूचे, ३२ बिट अनुक्रमांकाचे, ८ बिट पडताळणीचे. फर्मवेअर ३२ आकड्यांची एक ठरावीक माळ पाठवून सगळ्या कार्डांना जागं करतं आणि मग एकेक बिट विचारत जातं. ज्या कार्डाचा बिट १ असेल ते ५५ आणि एए असे दोन आकडे बोलतं. ज्याचा ० असेल ते गप्प राहून ऐकतं, आणि दुसरं कोणी बोलताना ऐकू आलं तर त्या फेरीतून बाजूला होतं. ७२ बिट संपले की एकच कार्ड उरतं. त्याला क्रमांक द्यायचा, गप्प बसवायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

कार्डांचा प्रश्न असा सुटला. पण मदरबोर्डवरचे सिरियल पोर्ट, कीबोर्डचा कंट्रोलर, फ्लॉपीचा कंट्रोलर यांचं काय? ते १९८१ च्या पद्धतीने बनलेले, त्यांच्यात ७२ बिट सोडाच, एक बिटही ओळखीचा नव्हता. कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल यांनी मे १९९४ मध्ये काढलेल्या प्लग अँड प्ले बायोस मानकाने याचं उत्तर दिलं: जे स्वतः बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने बायोसने बोलावं. प्रत्येक पक्क्या उपकरणाची एक नोंद बायोसमध्ये ठेवायची, तिच्यात ईसाच्याच धर्तीचा ओळखक्रमांक लिहायचा, आणि ऑपरेटिंग सिस्टिमने विचारलं की ती नोंद वाचून दाखवायची. पीएनपी०५०१ म्हणजे सिरियल पोर्ट, पीएनपी०३०३ म्हणजे कीबोर्ड, पीएनपी०७०० म्हणजे फ्लॉपी कंट्रोलर. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं तेव्हा ते याच नोंदी वाचत होतं. बोर्डावरच्या उपकरणाची ओळख ही फर्मवेअरची जबाबदारी, हे पीसीच्या इतिहासात इथे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं गेलं.

एव्हाना पीसीआय आलेलं होतं. त्यात ओळखीसाठी अशी कसरत लागत नाही. प्रत्येक उपकरणाला २५६ बाइटांचं एक नोंदपत्र असतं. पहिले दोन बाइट कंपनीचे, पुढचे दोन वस्तूचे. फर्मवेअर सीएफ८ या पोर्टवर 'अमुक बसवरचं, तमुक जागेचं उपकरण' असं लिहितं आणि सीएफसीवरून उत्तर वाचतं. एफएफएफएफ असं उत्तर आलं की जागा रिकामी.

मग अडचण कुठे आली? चिपा स्वस्त झाल्या आणि एकच चिप डझनभर कंपन्या वापरू लागल्या तिथे. एकाच नावाची दहा माणसं असली की गाव विचारावं लागतं, तसं हे झालं. इंटेलने १९९९ मध्ये ८१० हा चिपसेट काढला. त्याच्या दक्षिणेकडच्या चिपमध्ये, कारागिरांच्या भाषेत साउथब्रिजमध्ये, आवाजाचा एसी'९७ कंट्रोलर होता. त्याचा क्रमांक ८०८६:२४१५. पण हा कंट्रोलर म्हणजे अर्धंच काम. आवाजाचं प्रत्यक्ष विद्युत रूपांतर करणारा कोडेक ही निराळी चिप, आणि ती मदरबोर्ड बनवणारा आपल्या मर्जीने निवडे: कोणी अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची, कोणी सिग्माटेलची, कोणी रिअलटेकची. ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र दर वेळी ८०८६:२४१५ इतकंच दिसे. एका कोडेकचा ड्रायव्हर दुसऱ्यावर टाकला की आवाज अर्धवट यायचा किंवा यायचाच नाही.

याची तरतूद पीसीआयच्या मानकात आधीच झाली होती. १९९५ च्या २.१ आवृत्तीत नोंदपत्रात आणखी दोन रकाने आले: उपप्रणालीची कंपनी आणि उपप्रणालीचा क्रमांक, म्हणजेच सबसिस्टिम व्हेंडर आयडी आणि सबसिस्टिम आयडी. जागा २सी आणि २ई. पहिल्या रकान्यात चिप ज्याच्या बोर्डावर बसली त्याचा क्रमांक यायचा: डेलचा १०२८, एचपीचा १०३सी, आसुसचा १०४३, गिगाबाइटचा १४५८, लेनोव्होचा १७एए. दुसऱ्या रकान्यात त्या कंपनीने त्या विशिष्ट रचनेला दिलेला आकडा. आधी हे ऐच्छिक होतं. डिसेंबर १९९८ च्या २.२ आवृत्तीने ते सक्तीचं केलं. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या पीसी ९८, पीसी ९९ या रचना-मार्गदर्शिकांनीही हे रकाने भरण्याचा आग्रह धरला, कारण विंडोजची ड्रायव्हर शोधण्याची रीत यावरच उभी होती. विंडोज सर्वांत नेमक्या ओळखीपासून सुरुवात करतं: चिपची कंपनी, चिप, उपप्रणाली, आवृत्ती, सगळं जुळलं पाहिजे. ते न मिळालं तर एकेक अट सोडत ढोबळ ओळखीकडे येतं.

सुट्या कार्डावर हे रकाने भरणं सोपं. कार्डावर एक छोटी ईईप्रॉम चिप असते, चालू होताच ती आपले आकडे रकान्यात टाकते. मदरबोर्डवर पक्क्या बसवलेल्या उपकरणासाठी अशी चिप सहसा नसते. काही पैसे वाचतात, आणि भरण्याचं काम बायोसवर येतं. इथे फर्मवेअर लिहिणाऱ्याने पाळायचे नियम मोजके पण कडक आहेत.

इंटेलच्या साउथब्रिजमधले हे रकाने एकदाच लिहिता येतात. चालू होताना त्यांत शून्य असतं. बायोस एकदा आकडा लिहितो आणि रकाना कुलूपबंद होतो, म्हणजे पुढे कुठल्याही प्रोग्रॅमला चिपची ओळख बदलता येत नाही. लिहायचं ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे ताबा जाण्याआधी. त्यानंतर लिहिलेल्याला अर्थ नाही, कारण तोवर ड्रायव्हरची निवड होऊन गेलेली असते. संगणक झोपून उठला, म्हणजे स्लीपमधून परत आला, की वीज गेलेल्या चिपांचे रकाने पुन्हा कोरे झालेले असतात आणि बायोसला ते पुन्हा भरावे लागतात. यातली सर्वांत सहज राहून जाणारी गोष्ट हीच. सुरुवातीला सगळं ठीक, आणि लॅपटॉपचं झाकण एकदा मिटून उघडलं की उपकरणाची ओळख वेगळीच. शेवटचा नियम आकड्याचा: कंपनीचा क्रमांक बोर्ड बनवणाऱ्याचा स्वतःचा हवा, पीसीआयच्या संघटनेने त्याला दिलेला. चिप बनवणाऱ्याचा उचलून चालत नाही. रचना बदलली की दुसरा आकडाही बदलला पाहिजे.

हे शेवटचं सर्वाधिक मोडलं गेलं. बायोस कोणी कोऱ्या कागदावरून लिहीत नाही. अवॉर्ड, फिनिक्स, एएमआय यांच्यासारख्या कंपन्यांचा तयार गाभा घ्यायचा, त्यात चिप बनवणाऱ्याने नमुना बोर्डासाठी दिलेले तुकडे जोडायचे आणि आपल्या बोर्डापुरते फेरफार करायचे, ही या धंद्याची रीत. घाईत नमुना बोर्डाचे आकडे तसेच राहतात. आधीच्या मॉडेलचे राहतात. कधी शून्यच राहतं. बोर्ड कारखान्यातून सुटतो, सोबतच्या सीडीवरचा ड्रायव्हर त्यावर चालतो, म्हणून तपासणीत तो पासही होतो. फटका बसतो तो तीन वर्षांनी, सीडी हरवल्यावर, फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकणाऱ्या माणसाला.

ओळखीचा उपयोग अडवणुकीसाठीही झाला. काही थिंकपॅड लॅपटॉपांत बायोसजवळ मान्य वायफाय कार्डांची यादी असे. यादीबाहेरचं कार्ड घातलं की १८०२ या क्रमांकाची सूचना येऊन संगणक तिथेच थांबायचा. ज्या रकान्यांचा हेतू योग्य ड्रायव्हर मिळावा हा, त्यांच्या आधारे ग्राहकाने विकत घेतलेलं चालू कार्ड नाकारणं हा त्या व्यवस्थेचा गैरवापरच होता.

२००४ मध्ये इंटेलने एसी'९७ च्या जागी हाय डेफिनिशन ऑडिओ आणलं आणि फर्मवेअरवरचा भार कितीतरी वाढला. आता कंट्रोलरचीच नव्हे, कोडेकचीही उपप्रणाली-ओळख बायोसने लिहायची. ३२ बिटांचा आकडा, आठ-आठ बिटांच्या चार आज्ञांनी. शिवाय कोडेकच्या प्रत्येक पिनसाठी आणखी ३२ बिट. त्यातली एक नोंद जवळून पाहण्यासारखी आहे: ०१०१४०१०. सुरुवातीचं ०१ सांगतं की इथे खरोखरचं सॉकेट आहे आणि ते संगणकाच्या मागच्या बाजूला आहे. पुढचं ० म्हणजे लाइन-आउट. १ म्हणजे हेडफोनला असतो तसा साडेतीन मिलिमीटरचा जॅक. ४ म्हणजे रंग हिरवा. त्यानंतरचं ० किरकोळ गोष्टींचं, १ म्हणजे पहिला गट आणि शेवटचं ० त्या गटातला पहिला क्रम. संगणकाच्या पाठीवरच्या हिरव्या भोकाची जागा, काम, आकार आणि रंग हे सगळं आठ अंकांत. गुलाबी माइकसाठी रंग ९. आणि जी पिन कुठेच जोडलेली नाही तिच्यासाठी रिअलटेकच्या कोडेकमध्ये ४१११११एफ० हा आकडा ठरून गेलेला.

ही रचना इतकी बारकाईची की बायोसने नोंदी खऱ्या लिहिल्या तर एकच ड्रायव्हर जगातल्या सगळ्या बोर्डांवर चालावा. विंडोज व्हिस्टासोबत तसा सामाईक ड्रायव्हर आलाही, आणि पिनांच्या नोंदी कशा भराव्यात यावर मायक्रोसॉफ्टने स्वतंत्र मार्गदर्शन काढलं. प्रत्यक्षात नोंदी खोट्या निघत राहिल्या. नसलेलं सॉकेट आहे म्हणून लिहिलेलं, लॅपटॉपचा आतला स्पीकर हेडफोन म्हणून नोंदवलेला. उत्पादकाचा स्वतःचा ड्रायव्हर या चुका गुपचूप सुधारून घेई, त्यामुळे त्या बाहेर दिसत नसत.

दिसल्या त्या लिनक्सवाल्यांना. लिनक्सच्या ध्वनी विभागाचं काम ताकाशी इवाई वर्षानुवर्षं सांभाळत आले आहेत. रिअलटेक कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक तक्ता आहे. प्रत्येक ओळीत उपप्रणालीची कंपनी, तिचा आकडा, मॉडेलचं नाव आणि त्या मॉडेलवर करायची दुरुस्ती. १०२८ खाली डेलची मॉडेलं, १०३सी खाली एचपीची, १७एए खाली लेनोव्होची, शेकडो ओळी. यातली जवळपास प्रत्येक ओळ म्हणजे एका बायोसमधली राहून गेलेली किंवा चुकलेली नोंद, जी कोणीतरी आपल्या लॅपटॉपवर आवाज का येत नाही हे शोधता शोधता पकडली. आणि हा तक्ता चालतो तो उपप्रणालीचा आकडा बरोबर आहे याच भरवशावर. तोच आकडा चुकीचा असेल तर दुरुस्ती करायलाही पत्ता राहत नाही.

फर्मवेअर ओळख देतं म्हणजे काय, याचं सर्वांत उघडं उदाहरण एका हिरव्या-पांढऱ्या छोट्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि तो लॅपटॉप महाराष्ट्रातही पोहोचला होता. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचा एक्सओ. भारतातला त्याचा प्रारंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला. आत एएमडीचा ४३३ मेगाहर्ट्झचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, १ जीबी फ्लॅश.

या जिओडची वंशावळ सायरिक्सच्या १९९७ च्या मीडियाजीएक्सपर्यंत जाते. सायरिक्स नॅशनल सेमिकंडक्टरकडे गेली आणि २००३ मध्ये जिओड एएमडीकडे आला. मीडियाजीएक्सची कल्पना धाडसी होती: हार्डवेअर कमी ठेवायचं आणि उरलेलं फर्मवेअरने भासवायचं. व्हीएसए नावाचा एक प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमच्या नकळत पार्श्वभूमीला चाले. एखाद्या गेमने साउंड ब्लास्टरला हाक मारली की तो मध्येच ती पकडून उत्तर देई. साउंड ब्लास्टर तिथे नसेच. जिओडमध्येही बोर्डावरच्या उपकरणांना पीसीआयची खरी नोंदपत्रं नव्हती. कोणी सीएफ८ वर चौकशी केली की व्हीएसए ती पकडून तयार नोंदपत्र पुढे करी.

एक्सओचं फर्मवेअर होतं ओपन फर्मवेअर, आणि ते घडवणारे होते तेच मिच ब्रॅडली. त्यांच्या फर्मवेअरमध्ये व्हीएसए ठेवलेलं नव्हतं. मग नोंदपत्रं कोण दाखवणार? लिनक्सच्या गाभ्यात एक्सओसाठी एक स्वतंत्र फाइल लिहिली गेली. तिच्यात त्या उपकरणांची नोंदपत्रं आकड्यांच्या तक्त्यांच्या रूपात सरळ लिहून ठेवली आहेत. मुख्य भागाचा पहिला आकडा २०८०१०२२: शेवटचे चार अंक एएमडीचे, आधीचे चार जिओडचे. ऑपरेटिंग सिस्टिमचा एक भाग विचारतो, दुसरा भाग फाइलमधून वाचून सांगतो, आणि ड्रायव्हर आपापल्या कामाला लागतात. खैराटच्या मुलांच्या हातातल्या यंत्रात बोर्डावरच्या उपकरणांची ओळख ही एका प्रोग्रॅमरने प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद होती, आणि तेवढ्यावर ते यंत्र चाललं.

पीसीआयवर नसलेल्या उपकरणांचा संसार याच काळात एसीपीआयकडे गेला. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने डिसेंबर १९९६ मध्ये काढलेलं हे मानक. त्यात फर्मवेअर एक तक्ता देतं आणि तक्त्यातल्या प्रत्येक उपकरणाला 'एचआयडी' म्हणजे हार्डवेअर-ओळख लावतं. नियम साधा आहे: जे उपकरण आपल्या बसवर स्वतः ओळख देऊ शकत नाही त्याला एचआयडी द्या, जे देऊ शकतं त्याचा नुसता पत्ता द्या, दोन्ही एकदम देऊ नका. जुनी पीएनपी अक्षरं इथे तशीच आली. बॅटरी पीएनपी०सी०ए, पॉवरचं बटण पीएनपी०सी०सी, लॅपटॉपचं झाकण पीएनपी०सी०डी. १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी ठरवलेली तीन अक्षरं आणि चार अंक आज प्रत्येक लॅपटॉपचं झाकण मिटताना कामाला येतात. या क्रमांकांची नोंदवही आता फर्मवेअरची मानकं सांभाळणाऱ्या यूईएफआय फोरमकडे आहे.

स्वस्त टॅबलेटांनी मात्र या शिस्तीचे धिंडवडे काढले. सिलिड कंपनीची टचस्क्रीन चिप अनेक टॅबलेटांत एमएसएसएल१६८० याच ओळखीने नोंदवलेली असते. चिप तीच, पण काच लहान-मोठी, कधी उलटी बसवलेली, आणि ते सांगणारी नोंद फर्मवेअरमध्ये नसते. बोट डावीकडे ठेवावं तर ठिपका उजवीकडे. रेड हॅटमध्ये असताना हान्स डी खुडे यांनी आणि इतर अनेकांनी लिनक्समध्ये अशा टॅबलेटांचा तक्ता बांधला. टॅबलेट ओळखायचा कसा, तर मॉडेलच्या नावावरून. आणि मॉडेलच्या नावाच्या जागी पुष्कळदा काय असतं? 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.', म्हणजे उत्पादकाने भरायची जागा, किंवा 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. शेवटी बायोसच्या तारखेवरून टॅबलेट ओळखायची वेळ येते. प्रत्येक संगणकाला जगात एकमेव असावा असा जो क्रमांक फर्मवेअर देतं, तोही असंख्य बोर्डांवर एकच सापडतो: ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. नमुन्यात होता तसा राहिलेला.

हे काम अवघड असतं म्हणून राहून गेलं असतं तर समजण्यासारखं होतं. १९९९ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी सुरू केलेल्या, आता कोअरबूट नावाने चालणाऱ्या मुक्त फर्मवेअर प्रकल्पात बोर्डाच्या वर्णनाच्या फाइलमध्ये 'सबसिस्टिमआयडी' ही एक ओळ असते: कंपनीचा आकडा, बोर्डाचा आकडा, आणि शेवटी 'इनहेरिट' असं लिहिलं की खालच्या सगळ्या उपकरणांना तीच ओळख लागू होते. एक ओळ, एकदा. पिनांच्या नोंदींचा तक्ता शेजारच्या फाइलमध्ये. बोर्ड बनवणाऱ्याकडे सर्किटचा नकाशा समोर असतो. कुठली तार कुठे जाते हे जगात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. त्याने न लिहिलेली ती एक ओळ पुढे अंदाजाने लिहावी लागते ती परक्या देशात, परक्या माणसाला, बोर्ड हातात नसताना.

व्यवस्था नीट पाळली की काय मिळतं, हे सर्व्हरवाल्यांना विचारावं. एकाच बोर्डावर दोन-चार नेटवर्क पोर्ट असले की पहिला कुठला, हा प्रश्न लिनक्समध्ये वर्षानुवर्षं छळत होता. संगणक पुन्हा चालू केला की नावांची अदलाबदल व्हायची. फर्मवेअरच्या एसएमबायोस तक्त्यातली ४१ क्रमांकाची नोंद बोर्डावरच्या उपकरणांचीच आहे: कोणतं उपकरण, कुठल्या जागी, कितवं. लिनक्स सुरू करणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रॅमच्या, जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या १९७ व्या आवृत्तीपासून लिनक्स फर्मवेअरने दिलेला हा क्रम पाहून पोर्टला 'ईएनओ१' असं कायमचं नाव देतं. त्यातलं 'ओ' ऑनबोर्डचं.

आपल्या संगणकाच्या फर्मवेअरने हे काम केलं आहे का, हे वाचकांना स्वतः पाहता येतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडावा, आवाजाच्या किंवा नेटवर्कच्या उपकरणावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडावं. पहिल्या ओळीत 'सबसिस' या शब्दापुढे आठ अंक असतील. शेवटचे चार बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे, त्याआधीचे चार तुमच्या बोर्डाचे. तिथे आठही शून्यं असतील आणि ड्रायव्हर सापडत नसेल, तर पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारू नये. ज्या कंपनीचा बोर्ड आहे तिच्याकडे बायोसची नवी आवृत्ती आहे का पाहावं, आणि नसेल तर ती शून्यं दाखवून तिच्याकडे तक्रार नोंदवावी.